दुसरं प्रॉडक्ट काढताय? आधी 'मास इफेक्ट'ची ही गोष्ट वाचा



"सर, पहिलं प्रॉडक्ट बरं चाललंय. आता नवं काढायचंय. काय बदलू आणि काय ठेवू?" हा प्रश्न मला सारखा विचारला जातो. आज त्याचं उत्तर एका व्हिडिओ गेममध्ये शोधू. गेम खेळत नसाल तरी चालेल.

कॅनडातल्या बायोवेअर कंपनीचा 'मास इफेक्ट' हा गेम नोव्हेंबर 2007 मध्ये आला. अंतराळयानाचा कमांडर शेपर्ड म्हणजे तुम्ही स्वतः. कोणाशी कसं बोलायचं, कोणाला वाचवायचं, सगळं तुम्ही ठरवायचं. लोकांनी गेम डोक्यावर घेतला, पण तक्रारीही भरपूर केल्या. सामानाची यादी इतकी किचकट की नको ती हत्यारं निकाली काढण्यातच वेळ जायचा. ग्रहांवर फिरायला 'माको' नावाची सहा चाकी गाडी होती, ती डोंगरावर चेंडूसारखी उसळायची. आणि लिफ्ट! पुढचा भाग लोड होईपर्यंत खेळाडूला लिफ्टमध्ये उभं करून ठेवायचे.

जानेवारी 2010 मध्ये दुसरा भाग आला. कंपनीने काय केलं? सामानाची यादी जवळजवळ काढूनच टाकली. माको काढली. लिफ्टही काढली. गोळीबार जास्त सफाईदार झाला, सोबत्यांच्या गोष्टी जास्त खोल झाल्या. मेटाक्रिटिकवर एक्सबॉक्स 360 साठी पहिल्या भागाला 91 गुण होते, दुसऱ्याला 96 मिळाले. म्हणजे काम फत्ते? बऱ्याच अंशी हो. पण धंदेवाल्याने बघायची जागा वेगळी आहे.

लिफ्टचंच घ्या. लिफ्ट हळू आहे ही तक्रार खरी होती. पण त्या लिफ्टमध्ये शेपर्डचे सोबती एकमेकांशी गप्पा मारायचे, टोमणे हाणायचे, आणि ते लोकांना आवडायचं. लिफ्ट गेली, तशा त्या गप्पाही गेल्या. दुसऱ्या भागात गॅरस हा सोबती टालीला विचारतो की त्या लिफ्टमधल्या गप्पांची आठवण येते का, आणि ती साफ नाही म्हणते! बनवणाऱ्यांनाही ठाऊक होतं तर.

माकोचं तर त्याहून वाईट झालं. गाडी गेली आणि तिच्या जागी वरूनच ग्रह स्कॅन करून खनिजं शोधायचं काम आलं. तासन्‌तास तेच. खेळाडू पुन्हा वैतागले. मुळात लोकांना गाडी नको नव्हती, गाडी नीट चालायला हवी होती. हत्यारांना वेगवेगळे भाग जोडायची सोय दुसऱ्या भागात गेली होती, ती तिसऱ्या भागात परत आणावी लागली.

आपल्याकडे लोणच्याचं असंच होतं बघा. गिऱ्हाईक म्हणतं, "ताई, तेल फार आहे हो." ताई तेल कमी करतात आणि महिन्याभरात बुरशी. तेल तर लोणचं टिकवत होतं! गिऱ्हाइकाला त्रास होता गळक्या पिशवीचा. झाकणाची बरणी दिली असती तर भागलं असतं. तक्रार ऐकायचीच, पण गिऱ्हाईक सांगतं ते दुखणं. औषध आपणच शोधायचं.

आता या गेमची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. एवढी तोडफोड केली, पण कंपनीने एक गोष्ट हातची सोडली नाही: जुन्या खेळाडूची सेव्ह फाईल, म्हणजे त्याची खातेवहीच म्हणा. पहिल्या भागात तुम्ही घेतलेले निर्णय दुसऱ्या भागात पुढे चालू राहायचे. रेक्स नावाचा एक रांगडा सोबती आहे. तुम्ही त्याला पहिल्या भागात जिवंत ठेवलं असेल, तर दुसऱ्यात तो आपल्या टोळीचा म्होरक्या झालेला भेटतो आणि जुन्या दोस्ताचं स्वागत करतो. तो मेला असेल, तर त्या जागी त्याचा भाऊ बसलेला असतो, आणि त्याला तुमच्याबद्दल काडीचं प्रेम नसतं. दुकानदाराने "काय काका, मागच्या वेळचा मसाला तिखट झाला होता ना?" असं विचारलं की कसं वाटतं? तसंच हे.

आणि नवं गिऱ्हाईक? जानेवारी 2011 मध्ये दुसरा भाग प्लेस्टेशन 3 वर आला, पण पहिला भाग तेव्हा त्या यंत्रावर नव्हताच. मग तिथल्या खेळाडूंना सोबत एक छोटी चित्रकथा दिली. तिच्यात आधीची गोष्ट थोडक्यात समजायची आणि मोठे निर्णय त्यांनाही घेता यायचे. नव्या माणसाला "तुम्ही उशिरा आलात" असं वाटू दिलं नाही.

आता गृहपाठ. वहीत पहिल्या प्रॉडक्टच्या दहा तक्रारी लिहा. प्रत्येकीसमोर लिहा की लोकांना ती वस्तूच नकोय, की तिची पद्धत नकोय. मग तुमचे वीस जुने गिऱ्हाईक आठवा आणि प्रत्येकाची एक आवड लिहा. वीस नावं आठवली नाहीत तर नवं प्रॉडक्ट महिनाभर थांबवा आणि आधी वही भरा. भरली की पुढच्या व्हिडिओकडे या, तिथे नव्या मालाची किंमत ठरवू.