आलेख कोसळतो तेव्हा : कारणशोधाचा एक पाठ

सांख्यिकीत आलेख हे शोभेचे चित्र नव्हे. फ्रान्सिस अँस्कोम्ब यांनी १९७३ मध्ये प्रत्येकी ११ बिंदूंचे चार संच मांडले. चारही संचांची सरासरी, प्रचरण आणि सहसंबंध जवळजवळ समान. परंतु आलेख काढताच त्यांची रूपे पूर्णतः भिन्न दिसतात. म्हणून आलेख काढता आला नाही, तर गणित बरोबर असूनही अभ्यासकाची दृष्टी अधू राहते.

ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका व रॉबर्ट जेंटलमन यांनी घडविलेली ‘आर’ ही विनामूल्य संगणक-भाषा आज सर्वत्र वापरली जाते. आलेख काढताना ती अडली, की विद्यार्थी गोंधळून जाईल ते बटण दाबू लागतो. त्याऐवजी तथागतांनी दुःखाविषयी जो क्रम शिकविला, तोच येथे उपयोगी पडतो : अडचण नीट ओळखावी, तिचे कारण शोधावे, मगच उपाय करावा.

प्रथम ओळख. त्रुटीचा संदेश देऊन आर चालूच राहते, की संपूर्ण आज्ञावलीच बंद पडते? हे दोन वेगळे विकार आहेत.

संदेश आला तर तो पूर्ण वाचावा. ‘समास फार मोठे’ अशा अर्थाचा संदेश वारंवार दिसतो. आरमध्ये आलेखाखाली ५.१ व डावीकडे ४.१ ओळींचा समास आधीच ठरलेला असतो. पडद्यावरील चौकट लहान असली, तर समासातच जागा संपते. चौकट मोठी करावी किंवा समास घटवावा. पडदा कोराच राहिला, तर आधी उघडलेली चित्राची फाईल बंद करावयाची राहिली आहे काय, हे पाहावे. तसे असल्यास नवे आलेख मुकाट्याने त्या फाईलीतच जात असतात.

आज्ञावलीच बंद पडत असेल, तर कारण बहुधा खोलवर असते. आरची आवृत्ती नवी आणि पूरक संच जुन्या आवृत्तीसाठी बांधलेले, असा विसंवाद असल्यास ते संच पुन्हा बसवावेत. बिंदू लक्षावधी असतील, तर पीडीएफमध्ये प्रत्येक बिंदूची स्वतंत्र नोंद होऊन फाईल फुगते. अशा वेळी पीएनजी वापरावे.

कारण हेरण्याची रीत साधी आहे. आरमध्येच असलेली १५० फुलांची ‘आयरिस’ सामग्री घेऊन साधा आलेख काढावा. तो उमटला, तर साधन बहुतांशी निर्दोष आहे; दोष आपल्या सामग्रीत, आज्ञेत किंवा पूरक संचात शोधावा. एखादी ओळच सदोष असल्याचा संशय आल्यास सामग्री निम्मी-निम्मी करून तपासावी. १,०२४ ओळींतील एक सदोष ओळ दहा पायऱ्यांत हाती लागते. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. अन्यथा कशाने गुण आला, ते कळत नाही.

येथेच खरी कसोटी आहे. सापडलेली ओळ खोडून टाकली की आलेख उमटतो. पण तो उपाय नव्हे. मूळ नोंदवही उघडून ती नोंद चुकीची आहे की केवळ अनपेक्षित आहे, हे पाहिले पाहिजे. अँस्कोम्ब यांच्या चौथ्या संचात एकच बिंदू साऱ्या निष्कर्षाचा आधार आहे. तो खोडला, तर उतार सांगताच येत नाही.

कोसळणारा आलेख निदान प्रामाणिक असतो. न कोसळणारा फसवू शकतो. एखाद्या स्तंभात ‘१,५२०’ अशी स्वल्पविरामासह संख्या आली, तर आर तो सारा स्तंभ अक्षरांचा मानते. आलेख काढताना इतर आकडे पुन्हा संख्या होतात. स्वल्पविराम असलेले मात्र गळून जातात. खाली एक इशारा उमटतो, वर चित्र सुबक दिसते. हजारांच्या पुढची प्रत्येक नोंद नाहीशी झालेली असते आणि पाहणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो.

विद्यार्थी मित्रहो, म्हणून आलेख उमटल्यावरही बिंदू मोजा. नोंदी किती होत्या आणि दिसतात किती, एवढा प्रश्न विचारण्याची सवय लागली, तर हा पाठ सार्थकी लागला. जे समोर आले ते पारखूनच स्वीकारावे, ही शिकवण संगणकाच्या पडद्यालाही लागू आहे.