वरळीच्या खडकातला बेडूक

आपल्या गावच्या खाणीतून मी एक दगड आणला होता. त्यात पांढरा गोल दाणा होता. मला वाटले, सापडला समुद्रातला शंख! सुट्टीत लालबागला गेलो तेव्हा मामांना दाखवला. मामा हसले. म्हणाले, "अरे, काळा पाषाण म्हणजे थंड झालेला लाव्हा. त्यातल्या बुडबुड्यांच्या पोकळीत पुढे पांढरे खनिज साठले. ज्युरासिक काळातले समुद्री शंख हवेत तर कच्छला जायला हवं."

मी हिरमुसलो. मग मामांनी मला वरळीच्या टेकडीकडे नेले. तिथे लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये जुन्या तळ्याचा गाळ दबून त्याचा खडक झाला होता. त्यात चिमुकल्या बेडकांचे सांगाडे मिळाले! रिचर्ड ओवेन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४७ साली त्यांचे वर्णन केले. वय किती? सुमारे साडेसहा कोटी वर्षे! १९३० मध्ये त्यांना 'इंडोबॅट्रॅकस' हे नाव मिळाले.

आता तिथे इमारतीच इमारती. मला काही तो थर दिसला नाही. मनात आले, तेव्हा कुणी तो दगड फोडून खडी केली असती तर?

म्हणून लक्षात ठेवा :
१) दगडात हाड, पान, शिंपला दिसला तर फोडू नका.
२) गाव, जागा, थर व तारीख चिठ्ठीवर लिहा.
३) दगड गुरुजींना दाखवा.
४) सुरुंग लावतात तिथे एकटे जाऊ नका.

खाणीत काम करणाऱ्या पालकांनाही विनंती, असा दगड दिसला तर बाजूला ठेवा. आम्ही बघायला येऊ!

– इयत्ता ७ वी