काही दुखत नसताना तपासणी कशासाठी?

पौष महिन्यात मुरबाडजवळच्या म्हशाच्या जत्रेत बैलबाजार भरतो. घेणारा माणूस बैलाचे दात पाहतो, खूर उचलून पाहतो, चार पावले चालवून पाहतो आणि मगच इसार देतो. बैल आजारी आहे म्हणून कोणी हे करीत नाही. दिसायला धडधाकट असतो म्हणूनच तो नीट पारखून घ्यायचा असतो. पण याच पन्नाशीच्या शेतकऱ्याला "तुमचे ब्लडप्रेशर शेवटचे कधी मोजले होते?" असे विचारले, तर उत्तर येते, "मला काय झालंय?"

वाचकहो, हा प्रश्न रास्त आहे. ताप आला, खोकला झाला, पाय मोडला तर शरीर स्वतःच ओरडून सांगते. पण रक्तदाब आणि मधुमेह ही दुखणी सुरुवातीची कित्येक वर्षे मुकी असतात. डोके दुखले म्हणजेच दाब वाढला, ही समजूत चुकीची आहे. दाब १७० असलेली माणसे दिवसभर भातलावणी करून रात्री शांत झोपतात, हे मी रोज पाहतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत प्रौढांपैकी सुमारे ३५ टक्के लोकांना उच्च रक्तदाब आढळला. म्हणजे ओटीवर तीन माणसे बसली असतील तर त्यांतल्या एकाला. तो कोणता, हे तोंडाकडे पाहून डॉक्टरलाही सांगता येत नाही. हाताला पट्टा बांधावाच लागतो.

आपल्या भागात याचे महत्त्व शहरापेक्षा जास्त आहे, कमी नाही. मेंदूतील रक्ताची गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते आणि त्याआधी सीटी स्कॅन करावा लागतो. आता डोळखांबच्या पलीकडच्या पाड्यावर किंवा माळशेजच्या पायथ्याशी रात्री दोन वाजता एखाद्याचे तोंड वाकडे झाले, हात पडला, तर गाडी कधी मिळणार, कल्याण-ठाणे कधी गाठणार? मुरबाडला तर रेल्वेही नाही. तेव्हा झटका आल्यावर धावपळ करण्यापेक्षा तो येऊच नये यासाठी रोजची एक गोळी घेणे आपल्याला परवडते. पण ती गोळी सुरू व्हायला आधी दाब मोजलेला हवा.

विळा लागला म्हणून धनुर्वाताच्या इंजेक्शनसाठी एक शेतकरी माझ्याकडे आला होता. वय ४६, अंगाने काटक. पट्टी बांधता बांधता दाब मोजला, तो १७० वर ११० निघाला. घाबरल्यामुळेही दाब वाढतो, म्हणून आठवड्याने पुन्हा बोलावले. तेव्हाही तितकाच. लघवीत प्रथिने जाऊ लागली होती, म्हणजे मूत्रपिंडाला झळ पोचली होती. औषध सुरू केले. महिन्याने दाब उतरला आणि त्याने गोळ्या बंद केल्या. कारण विचारले तर म्हणाला, "बरं वाटतंय की." बरे तर त्याला आधीही वाटत होते! ही समजूत काढायला मला तीन फेऱ्या लागल्या, शेवटची त्याच्या बायकोसमोर. पावसाळ्यात सुकटीवर दिवस काढणाऱ्या आपल्याकडे मिठाचा विषयही ओघाने निघतोच. आज तो नियमित गोळ्या घेतो.

या कामाला ओळखीचा डॉक्टर लागतो. आजचा १४५ हा आकडा एकटा फारसे बोलत नाही. चार वर्षांपूर्वी तो ११८ होता हे वहीत लिहिलेले असेल तर बोलतो. वजन सहा किलोने उतरले आहे, हेही मागचे वजन नोंदलेले असेल तरच कळते, आणि मग क्षयाची किंवा साखरेची शंका वेळेवर घेता येते. आपल्याकडे मात्र अशक्तपणा वाटला की सलाईनची बाटली मागायची, आणि तीही दर वेळी वेगळ्या दवाखान्यात, अशी पद्धत पडली आहे.

दुसऱ्या टोकाला शहरातील 'फुल बॉडी चेकअप' आहे. आसनगाव-वासिंदहून पहाटेची लोकल धरणारे पुष्कळ जण पन्नास-साठ चाचण्यांचे कागद घेऊन माझ्याकडे येतात आणि त्यात दाबाची नोंदच नसते. सरसकट तपासण्यांवरील १७ चाचणी-अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१९ साली प्रसिद्ध झाला. अशा तपासण्यांनी मृत्यू फारसे कमी होत नाहीत, असे त्यात दिसले. मला त्यात नवल वाटत नाही. त्या श्रीमंत देशांत फॅमिली डॉक्टर जाता-येता दाब मोजतच असतो. आपल्याकडे तेवढेच होत नाही. म्हणून मोजक्याच, पण उपयोग सिद्ध झालेल्या तपासण्या कराव्यात.

तिशीनंतर दाब वर्षातून एकदा मोजावा. दोन वेगवेगळ्या दिवशी १४० वर ९० किंवा अधिक आला तर तो उच्च समजतात. उपाशीपोटी साखर १२६ किंवा अधिक, तीही दोनदा, आली तर मधुमेह. तंबाखू, गुटखा, मिश्री यांची सवय असेल तर तोंड उजेडात तपासून घ्यावे. पांढरा चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम, उभी तीन बोटे आत जाणार नाहीत इतके कमी उघडणारे तोंड, यांपैकी काहीही दिसले तर थांबू नये. बायकांचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली असणे इतके सर्रास आहे की घरात कोणाला ते आजारपण वाटतच नाही.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण तिथे पुरावा आपल्याच राज्यातला आहे. टाटा रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांतील सुमारे दीड लाख बायकांचा अभ्यास केला. त्यांतील निम्म्या बायकांची दर दोन वर्षांनी तपासणी झाली. ती करणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य सेविका होत्या. गर्भाशयाच्या मुखाला सौम्य व्हिनेगर लावायचे आणि पांढरा डाग उमटतो का ते पाहायचे, एवढीच पद्धत. या रोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात १९९९ पासून झालेल्या मोठ्या अभ्यासात एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने आठ वर्षांत मृत्यू जवळजवळ निम्मे झाले. तेव्हा "लाज वाटते" म्हणून परत जाणाऱ्या भगिनींना माझी विनंती आहे, सोबत शेजारीण घेऊन या, पण या.

यासाठी लांब जायला नको. गावच्या उपकेंद्रांत, म्हणजे आताच्या आयुष्मान आरोग्य मंदिरांत, तिशीवरील सर्वांची दाब, साखर, तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांची तपासणी व्हावी अशी शासनाची योजना आहे. आशाताई घरी फॉर्म भरायला येते ती यासाठीच. तिला रेशनकार्डाचे काम समजून परत पाठवू नका. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार विनामूल्य आहेत. वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांनी दिवाळीनंतर गाव सोडण्याआधी तपासून घ्यावे आणि गोळ्या चालू असतील तर जास्तीत जास्त दिवसांच्या मागून न्याव्यात. आदिवासी घरांतील मुलामुलींची सिकलसेलची तपासणी लग्न ठरण्यापूर्वीच व्हावी.

येताना सकाळी काही न खाता या, पाणी प्यायला हरकत नाही. मिश्री, तंबाखू आणि चहा तपासणी होईपर्यंत नको. आल्यावर पाच मिनिटे पाठ टेकून शांत बसा, मगच दाब मोजू द्या. जुने कागद असतील तसे, चुरगळलेले का असेनात, घेऊन या, आणि घरात चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणा, शेजाऱ्याने दिलेल्याही.