हप्ता कामाच्या मागे चालावा

लोणंदमध्ये जुनं घर घ्यायचं, ठाकठीक करायचं आणि भाड्यानं द्यायचं, हा माझा जोडधंदा. एमआयडीसीतले कामगार, कांदा मार्केटात हिशेबाला बसणारी पोरं, बदलीवर आलेले शिक्षक हे माझे भाडेकरू. या धंद्यात पडू पाहणारे विचारतात, ‘घर कुठलं घेऊ?’ खरेदीत निम्मा नफा ठरतो हे खरं, पण उरलेला निम्मा ठेकेदाराच्या हिशेबात कमवावा किंवा गमवावा लागतो. हे बोल त्या दुसऱ्या निम्म्याविषयी.

1. आधी कागद, मग कुदळ. गावठाणातल्या कित्येक घरांचे जुने कागद ग्रामपंचायतीच्या काळातले, नमुना 8 चे. तो उतारा किंवा घरपट्टीची पावती म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे. वकिलाकडून 30 वर्षांचा शोध अहवाल काढून घ्या. सामाईक भिंत कुणाची, पागोळ्यांचं पाणी कुणाच्या अंगणात पडतं, हे शेजाऱ्याला समक्ष विचारा. भिंत पाडायची, स्लॅब टाकायचा किंवा मजला चढवायचा असेल तर नगरपंचायतीची परवानगी हातात आल्याशिवाय मिस्त्रीला बोलावू नका.

2. घराचं दुखणं आधी ओळखा. तुळई मधोमध ठणठणीत दिसते. कुजते ती भिंतीत शिरलेल्या टोकाशी. तिथं स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. भुसा निघाला तर भाव त्या हिशेबानं करा. ओल जमिनीपासून गुडघ्यापर्यंत असेल तर ती पायातून चढतेय, वरून ओघळ असतील तर छप्पर गळतंय. दगडमातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करायची घाई नको. आतली ओल कोंडते आणि गिलावा फुगून सुटतो. तिथं चुन्याचाच गिलावा बरा. कामाचा क्रम छप्पर, सांडपाणी, नळ-वायरिंग, गिलावा, फरशी आणि सर्वांत शेवटी रंग. रंगापासून सुरुवात करणारा एकाच भिंतीचे पैसे दोनदा मोजतो.

3. ‘अंदाजे’ या शब्दावर व्यवहार करू नका. गिलाव्याचा भाव चौरस फुटावर, खडी आणि क्रश सँडचा ब्रासवर. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट; ट्रॉली रिकामी होण्याआधी टेप लावून लांबी, रुंदी, उंची मोजा. दार-खिडक्यांची वजावट कशी धरायची, परांची कुणाची, राडारोडा कोण उचलणार, पाणी आणि वीज कुणाची, हे वहीत लिहून दोघांनी सह्या करा. भांडणं भावावरून कमी आणि न बोललेल्या गोष्टींवरून जास्त होतात.

4. नवख्यानं मजुरीचाच ठेका द्यावा, माल स्वतः आणावा. दरांचा अंदाज येतो आणि प्रत्येक गोणी डोळ्यांखालून जाते. सिमेंटच्या गोणीवर कितव्या आठवड्यात भरली ते छापलेलं असतं. तीन महिन्यांहून जुना माल परत पाठवा. बिलं पक्की घ्या. घरभाड्याच्या उत्पन्नात दुरुस्तीपोटी सरसकट 30 टक्के वजावट मिळते, प्रत्यक्षात कितीही खर्च होवो. पण पुढं घर विकताना नवा स्लॅब, वाढीव खोली असा भांडवली खर्च नफ्यातून वजा करायचा तर बिल दाखवावं लागतं.

5. हप्ता कामाच्या मागे चालावा. आठवडी बाजाराच्या आदल्या दिवशी मजुरांना पैसे लागतातच. झालेल्या हजेरीचे ते बिनतक्रार द्या. मोठा हप्ता मात्र टप्पा पुरा झाल्यावरच: छप्पर झालं, नळ-वायरिंग तपासलं, गिलावा झाला, फरशी बसली. दहावा हिस्सा पहिला पाऊस पडून जाईपर्यंत राखून ठेवा आणि हे पहिल्याच दिवशी सांगा. कामाआधीच निम्मी उचल मागणारा बहुधा दुसऱ्याचं अडलेलं काम तुमच्या पैशावर पुरं करणार असतो.

6. झाकलं जाणार ते आधी बघा. गिलाव्याआधी पाइपात रात्रभर पाणी भरून ठेवा. वायरिंगचे फोटो भिंतीला टेप लावून काढा, म्हणजे पुढं खिळा कुठं ठोकायचा ते कळतं. वॉटरप्रूफिंग झालं की मोरीचं तोंड बंद करून दोन दिवस पाणी साठवा. फरशी बसली की रुपयाच्या नाण्यानं एकेक लादी वाजवा. बद्द आवाज आला तिथं खाली माल नाही. आपल्याकडच्या दुकानांत मिळतं ते बहुतेक पीपीसी सिमेंट, त्याला निदान 10 दिवस पाणी मारावं लागतं, एप्रिल-मेच्या उन्हात 14. पाणी मारायला वेगळा माणूस नेमा, कारण गवंड्याचं लक्ष तोवर पुढच्या कामाकडं लागलेलं असतं.

7. मुदत पंचांग बघून ठरवा. रोहिण्या लागायच्या आत छप्पर पुरं झालं पाहिजे. त्यानंतर माउलींची पालखी नीरा ओलांडून लोणंद मुक्कामी येते. रस्ते वारीला मोकळे ठेवावे लागतात, मालाच्या गाड्या अडतात आणि गडीमाणसं दर्शनाला जातात. त्या दिवसांत काम पुरं करण्याचा करार कुणी लिहून दिला तरी घेऊ नका.

8. खर्च भाडेकरूच्या गरजेवर करा. साठ हजारांचा ग्रॅनाइटचा ओटा घातला आणि भाडं महिन्याला पाचशेनं वाढलं, तर पैसे फिटायला 10 वर्षं. स्वतंत्र संडास, वेगळा वीजमीटर, मोठी टाकी आणि मोटरसायकलला जागा यांनी घर रिकामं राहत नाही. भाडेकरू ओळखीचा असला तरी करार नोंदवाच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 नुसार ती जबाबदारी घरमालकाची आहे; टाळली तर 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

9. टप्पा पुरा झाला की पैसे त्याच संध्याकाळी द्या. वही, टेप आणि राखीव हिस्सा यांचा धाक एकाच बाजूला असेल तर चांगला मिस्त्री टिकत नाही. मोजमाप काटेकोर आणि पैसे रोखठोक असले, की तोच मिस्त्री तुमच्या दुसऱ्या घराला कमी दर लावतो आणि दोन गिऱ्हाइकं बाजूला ठेवून तुमच्याकडं येतो. नवख्याला नफा खऱ्या अर्थानं दिसतो तो या दुसऱ्या घरात, म्हणून पहिलं घर लहान घ्या.