नागीण आणि मज्जातंतू

नागीण बरी होऊन महिने लोटले, कातडी वरून निरोगी दिसते, तरीही सदऱ्याचा नुसता स्पर्श सोसत नाही, अशी कित्येक वृद्धांची तक्रार असते. दोष कातडीचा नसून तिला संवेदना पुरविणाऱ्या मज्जातंतूंचा असतो.

बालपणी झालेल्या कांजिण्यांचे विषाणू पाठीच्या कण्यालगतच्या मज्जागंडिकांत वर्षानुवर्षे सुप्त राहतात. उतारवयात प्रतिकारशक्ती क्षीण झाली की ते तंतूंच्या वाटेने त्वचेपर्यंत येतात. म्हणूनच प्रथम आग होते आणि काही दिवसांनी फोड उठतात. डाव्या व उजव्या अंगाचे तंतू पृथक् असल्याने फोडांचा पट्टा बहुधा मध्यरेषेपाशी थांबतो. नागिणीचे तोंड व शेपूट जुळताच रोगी दगावतो, हा समज निराधार आहे. इजा झालेले तंतू मात्र पुढेही मेंदूस वेदनेचे खोटे संदेश पाठवीत राहतात.

फोड दिसल्यापासून ७२ तासांच्या आत विषाणुरोधक औषध सुरू झाल्यास फोड लवकर सुकतात व वेदना सौम्य होते. जोयडा तालुक्यातील वस्त्या रानात दूरदूर विखुरलेल्या; तेथे काव लावून वाट पाहण्यात हे तास सहज निघून जातात. मुदत टळली तरी वैद्यकीय सल्ला घ्यावाच. फोड कपाळावर, डोळ्यापाशी अथवा नाकाच्या शेंड्यावर असल्यास दृष्टीस धोका संभवतो. अशा रोग्यास त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे.