ट्रॅक्टर निवडताना

(शेतीसाठी छोटा ट्रॅक्टर घेताना 'टू व्हील' घ्यावा की 'फोर व्हील', असा प्रश्न शेतकऱ्यांना पडतो. याचे उत्तर जाहिरातीत किंवा शेजाऱ्याच्या अंगणात सापडत नाही. ते आपल्याच शेतात सापडते. ते कसे शोधावे, हे या पाठात सांगितले आहे.)

विद्यार्थिमित्रांनो, पावसाळ्यात चिखलात रुतलेली गाडी तुम्ही पाहिली असेल. चालक जोर लावतो. इंजिन मोठ्याने आवाज करते. चाक गरगर फिरते आणि चिखल उडवते. पण गाडी जागची हलत नाही. मग लोक काय करतात? चाकाखाली दगड किंवा गोणपाट टाकतात आणि गाडी बाहेर येते. आता विचार करा, गोणपाटामुळे इंजिनाची ताकद वाढली का? नाही. ताकद तेवढीच होती. चाकाला पकड नव्हती, ती मिळाली.

एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवा. आजचा सगळा पाठ तिच्यावरच उभा आहे.

माझे मामू निफाड तालुक्यात राहतात. त्यांची तीन एकर द्राक्षबाग आहे. माझे खालू सटाणा तालुक्यात डाळिंब पिकवतात. मामूंची जमीन काळी आणि भारी आहे, खालूंची हलकी आणि मुरमाड. बागेच्या दोन ओळींमधली जागा अरुंद असते. तेथे मोठा ट्रॅक्टर वळत नाही, म्हणून बागाईतदार छोटा ट्रॅक्टर वापरतात.

२०१९ सालच्या ऑक्टोबरात नाशिक जिल्ह्यात परतीचा पाऊस लांबला. द्राक्षबागांचे फार मोठे नुकसान झाले. मामूंनी नुकतीच गोडी छाटणी केली होती. वेलींवर कोवळे घड दिसू लागले होते. अशा ओल्या हवेत वेलींवर केवडा नावाचा रोग पसरतो. औषधाची फवारणी वेळेवर झाली नाही, तर घड पाहता पाहता कुजतात. मामूंनी भाड्याने ट्रॅक्टर आणला. त्यामागे ६०० लिटर पाण्याची टाकी असलेला ब्लोअर जोडला. दुसऱ्याच ओळीत ट्रॅक्टर रुतला. दुसरा ट्रॅक्टर आणून तो ओढून काढीपर्यंत संध्याकाळ झाली. रात्री पुन्हा पाऊस आला. अर्धी बाग हातची गेली. बँकेचे कर्ज तसेच राहिले आणि माझ्या मामेबहिणीचा कॉलेजातला प्रवेश एक वर्ष पुढे गेला.

दोन वर्षांनी मामूंनी स्वतःचा ट्रॅक्टर घेण्याचे ठरवले. त्याच सुमारास खालूंनाही ट्रॅक्टर हवा होता. एका विक्रेत्याने मामूंना सांगितले, "जास्त अश्वशक्तीचा घ्या, म्हणजे रुतणार नाही." खालूंना त्यांच्या शेजाऱ्याने सांगितले, "मी फोर व्हील घेतला, तुम्हीही तोच घ्या."

मामू मला म्हणाले, "मास्तर, तुम्ही मुलांना विज्ञान शिकवता. मग आम्हालाही सांगा, काय घ्यावे?"

मी म्हणालो, "मामू, मी सांगण्यापेक्षा तुमची जमीनच सांगेल. आपण तिला विचारू."

मुलांनो, आधी या दोन ट्रॅक्टरांतला फरक समजून घ्या. चाके दोघांनाही चारच असतात. टू व्हील ट्रॅक्टरात इंजिनाची ताकद फक्त मागच्या दोन चाकांना मिळते. पुढची चाके दिशा देतात आणि पुढचे वजन पेलतात. ती ओढीला मदत करत नाहीत. समजा, ट्रॅक्टरचे वजन ९०० किलो आहे. त्यातले ६०० किलो मागच्या चाकांवर आणि ३०० किलो पुढच्या चाकांवर आहे. चाकावर जितके वजन, तितकी जमिनीवर त्याची पकड. म्हणजे टू व्हील ट्रॅक्टरात ३०० किलो वजन ओढीच्या दृष्टीने वाया जाते. फोर व्हील ट्रॅक्टरात पुढच्या चाकांनाही ताकद मिळते, म्हणून संपूर्ण ९०० किलो वजन ओढीच्या कामी येते. इंजिन तेच असले तरी ओढ वाढते. आता कळले ना, विक्रेत्याचा सल्ला का अपुरा होता? पकड नसेल तर जास्त अश्वशक्ती फक्त जास्त चिखल उडवते.

मग आम्ही एक प्रयोग केला. तुम्हीही तो मोठ्या माणसांच्या सोबतीने करू शकता. जून महिन्यात पहिला मोठा पाऊस झाल्यावर मामूंनी ओळखीच्या शेतकऱ्याचा टू व्हील ट्रॅक्टर आणला. मागच्या चाकावर आम्ही खडूने खूण केली. ट्रॅक्टर आधी काही न ओढता बागेत चालवला आणि चाकाचे १० फेरे मोजले. जेथे सुरुवात झाली आणि जेथे दहावा फेरा संपला, तेथे खुंट्या ठोकल्या. अंतर भरले २८ मीटर. नंतर भरलेल्या टाकीचा ब्लोअर जोडून पुन्हा १० फेरे मोजले. या वेळी अंतर भरले फक्त १८ मीटर! चाक तितकेच फिरले, पण ट्रॅक्टर १० मीटर कमी चालला. २८ मधले १० म्हणजे शेकडा ३६ भाग चाक नुसतेच घसरले. शेतात शेकडा १० ते १५ घसरण चालते. त्याहून जास्त घसरण म्हणजे डिझेल, टायर आणि वेळ यांची नासाडी.

तसाच प्रयोग खालूंच्या शेतात केला. पाऊस होऊन एक दिवस झाला होता. मुरमाड जमिनीतून पाणी निथळून गेले होते. तेथे २८ मीटरचे २५ मीटर भरले. घसरण शेकडा ११ सुद्धा नव्हती.

खालू हसून म्हणाले, "म्हणजे माझे काम टू व्हीलवरच भागेल!"

मामूंनी मात्र लगेच होकार दिला नाही. त्यांनी विचारले, "टू व्हीलच्या चाकांत पाणी भरून वजन वाढवले तर?" प्रश्न अगदी योग्य होता. पुष्कळ शेतकरी असे करतात. मागच्या चाकांत पाणी भरल्याने किंवा लोखंडी वजने लावल्याने पकड वाढते, आणि त्यासाठी खर्चही थोडा येतो. कोरड्या, टणक जमिनीत हा उपाय चांगला. पण ओल्या काळ्या जमिनीत जड चाक आणखी खोल जाते आणि माती दाबून टाकते. दाबलेल्या मातीत मुळांना हवा मिळत नाही. म्हणून मामूंच्या बागेला तो उपाय लागू पडत नव्हता.

फोर व्हीलच्याही काही अडचणी आहेत. त्याची किंमत जास्त असते. पुढच्या आसात दातेरी चाके आणि तेल असते, म्हणजे देखभाल वाढते. वळायला बहुधा जास्त जागा लागते, म्हणून बागेच्या टोकाला किती जागा आहे, हे आधी मोजावे लागते. शिवाय डांबरी रस्त्यावर पुढच्या चाकांची ताकद बंद करावी लागते. ही चाके मागच्या चाकांपेक्षा किंचित पुढे ओढतील, अशीच त्यांची रचना असते. मऊ मातीत तो फरक खपून जातो. कठीण रस्त्यावर मात्र पुढची आणि मागची चाके एकमेकांशी भांडतात. टायर झिजतात आणि यंत्रावर ताण येतो. उतारावरून खाली येताना मात्र ताकद चालू ठेवावी, कारण मग ब्रेकचा जोर पुढच्या चाकांपर्यंतही पोहोचतो.

खरेदीपूर्वी आणखी एक काम करावे. मध्य प्रदेशात बुदनी येथे केंद्र सरकारची एक संस्था आहे. तेथे ट्रॅक्टरांची तपासणी होते. ट्रॅक्टर किती ओढतो, त्याचे वजन किती, वळायला जागा किती लागते, हे तपासणीच्या अहवालात दिलेले असते. विक्रेत्याकडे तो अहवाल मागावा आणि ट्रॅक्टर आपल्या शेतात चालवून दाखवण्यास सांगावे.

शेवटी मामूंनी फोर व्हील घेतला आणि खालूंनी टू व्हील. वाचलेल्या पैशांतून खालूंनी ठिबकच्या जुन्या नळ्या बदलल्या. पुढच्या पावसात मामू सकाळीच बागेत शिरले आणि दुपारपर्यंत फवारणी आटोपून बाहेर आले. एकदा मात्र "आता आपल्याला कोण अडवणार?" असे म्हणून त्यांनी ट्रॅक्टर पाण्याने भरलेल्या चरात घातला. तो असा रुतला की काढायला पूर्ण दिवस गेला! टू व्हील जेथे थांबतो, त्याच्या पुढे जाऊन फोर व्हील रुततो, हे त्यांना तेव्हा कळले.

मुलांनो, दोघांचा प्रश्न एक होता, पण उत्तरे दोन निघाली आणि दोन्ही बरोबर होती. उद्या तुम्ही घरासाठी सायकल घ्याल, पंप घ्याल, शिलाई यंत्र घ्याल. तेव्हा "इतरांकडे काय आहे?" असे विचारू नका. "माझे काम काय आहे?" असे विचारा, आणि जे मोजता येते, ते मोजून पाहा.

जाता जाता एक विनंती. ट्रॅक्टर टू व्हील असो वा फोर व्हील, त्याच्या मडगार्डवर बसून कधीही जाऊ नका. ती बसण्याची जागा नाही. तेथून पडणारा माणूस थेट मोठ्या चाकाखाली जातो.

शब्दार्थ
रुतणे – चिखलात अडकून बसणे
पकड – घट्ट धरून ठेवण्याची क्षमता
मुरमाड – बारीक खडे असलेली (जमीन)
निथळणे – पाणी हळूहळू गळून जाणे
आस – चाके ज्यावर बसवलेली असतात तो दांडा
चर – लांब अरुंद खड्डा
नासाडी – नुकसान, वाया जाणे

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) टू व्हील ट्रॅक्टरात इंजिनाची ताकद कोणत्या चाकांना मिळते?
(आ) डांबरी रस्त्यावर फोर व्हील ट्रॅक्टर चालवताना काय करावे?
२. कारणे लिहा.
(अ) मामूंच्या बागेत चाकांत पाणी भरण्याचा उपाय लागू पडत नव्हता.
(आ) खालूंना टू व्हील ट्रॅक्टर पुरेसा होता.
३. रिकाम्या ट्रॅक्टरचे १० फेरे ३० मीटर आणि ओझ्यासह १० फेरे २४ मीटर भरले. घसरण शेकडा किती? ती योग्य आहे का?
४. जमीन, वजन, खर्च, जोर हे शब्द उर्दूतही आहेत. पाठातून असे आणखी चार शब्द शोधा व त्यांचा मराठी वाक्यांत उपयोग करा.
५. तुमच्या घरी विचार करून घेतलेल्या एखाद्या वस्तूविषयी आठ ओळी लिहा.