शिफारसपत्राच्या पुढे

वाचन : प्रे. कृत्ये १८:१-४, रोम. १६:१-५

परगावी जाणाऱ्या सभासदास आपली मंडळी शिफारसपत्र देते. नव्या मंडळीत ते वाचले जाते, टाळ्या वाजतात आणि आपले कर्तव्य झाले असे आपण समजतो. प्रिय वाचकहो, या पाठात अशाच एका शिफारशीकडे पाहावयाचे आहे.

रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या शेवटच्या अध्यायात पौल किंख्रिया येथील मंडळीची सेविका फिबी हिची शिफारस करतो. किंख्रिया हे करिंथचे पूर्वेकडील बंदर. तेथून समुद्रापारच्या अफाट रोम शहरी हे पत्र तिनेच नेले असावे, असे बहुतेक अभ्यासकांचे मत आहे. तिच्यासाठी पौलाची पहिली मागणी स्वागताची, दुसरी साहाय्याची. या दुसऱ्या मागणीतील मूळ ग्रीक क्रियापदात ‘शेजारी उभे राहणे’ हा अर्थ आहे. साहाय्य कोणते, हे मात्र पौल ठरवीत नाही. ते तो फिबीच्या गरजेवर सोडतो. ती दुबळी होती असे मुळीच नव्हे. ती स्वतः पुष्कळांची, खुद्द पौलाचीही आश्रयदात्री होती, हे तो तेथेच नमूद करतो.

परक्या शहरात आसरा मिळणे म्हणजे काय, हे पौलाने अनुभवले होते. इ. स. ५० च्या सुमारास तो करिंथास आला तेव्हा अक्विल्ला व प्रिस्किल्ला यांच्या घरी राहिला. ती दोघे तरी कोठे स्थिरावली होती? क्लौद्य कैसराने यहूद्यांना रोम सोडण्याचा हुकूम केल्यामुळे तीही नुकतीच इटलीहून आलेली. धंदा एकच, राहुट्या करण्याचा. म्हणून पौलाला छप्परही मिळाले आणि कामही. (‘आधी आमचे बस्तान बसू द्या,’ असे त्यांनी म्हटले असते तर त्यांना दोष कोणी दिला असता?) फिबीच्या शिफारशीपाठोपाठ पौल याच दांपत्याला सलाम पाठवितो. एव्हाना ती दोघे रोमला परतली होती व त्यांच्या घरी मंडळी जमत होती.

काही वर्षांपूर्वी आमच्या मंडळीत एक परिचारिका भगिनी बदली होऊन आली. शहर मराठी मुलखाबाहेरचे, कानडी. पत्र वाचले, टाळ्या वाजल्या. ती लॉजवर राहते आहे, हे आम्हांला चौथ्या रविवारी कळले! मग लाजेने धावपळ सुरू झाली. कोणी खोल्यांचे पत्ते आणले, कोणी भांडी. अखेर एका वृद्ध बाईंनी तिला जवळ बसवून विचारले, “बाळ, तुला नेमके काय हवे?”

“खोली मी पाहिली आहे, मावशी,” ती म्हणाली. “अनामत रक्कमही जमवली आहे. पण घरमालक कानडीच बोलतात आणि एकट्या मुलीला खोली द्यायला कचरतात. माझ्याबरोबर कोणीतरी यावे.”

त्याच सायंकाळी मावशी तिच्याबरोबर गेल्या.